कुओक सरांचा अखंड प्रवास

कुओक सरांना रांगेत उभं राहण्याची चीड होती, आणि त्याहून जास्त चीड होती ती रांगेत मागे येऊन "ही रांग कशाची हो?" असं विचारणाऱ्या माणसांची. त्यामुळे मकावच्या बंदरावरून थेट व्हँकुव्हरपर्यंतचं एकच तिकीट मिळतं, आधी बस, मग विमान, आणि मध्ये हाँगकाँग येऊन गेल्याचं कळतसुद्धा नाही, असं सांगणारं रंगीत माहितीपत्रक हाती पडलं, तेव्हा त्यांनी ते पोथीसारखं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अखंड प्रवास'. सामान मकावलाच सोपवायचं, ते दिसेल ते व्हँकुव्हरला. बस समुद्रावरचा लांब पूल ओलांडून विमानतळाच्या अगदी आतल्या, बंद भागात नेऊन सोडणार. हाँगकाँगचं दार नाही, दारातला पहारेकरी नाही, रांग तर नाहीच नाही.

"थोडक्यात, इकडे डोळे मिटायचे आणि तिकडे उघडायचे," सरांनी जिन्यात शेजारच्या इयोंगवहिनींना समजावून सांगितलं.

"अगंबाई! निघायच्या तोंडावर असं डोळे मिटायचं बोलू नये हो, सर," असं म्हणून वहिनींनी चटकन लाकडी कठड्याला हात लावला आणि सरांनाही लावायला लावला.

सरांनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला सगळं जग नकाशावर इतकं जवळ दिसतं की प्रत्यक्ष उठून कुठं जावंसं वाटत नाही. सर फारसे कुठं गेलेही नव्हते. पण लेक का-यान व्हँकुव्हरला असायची, तिला दिवस गेले होते, आणि पहिलंच बाळंतपण होतं. ठरलं असं होतं की सर आणि त्यांची बायको सोक-हान, दोघांनी मिळून या अखंड मार्गानं जायचं. बाळाला मात्र ते माहितीपत्रक कुणी दाखवलं नव्हतं. ते आधीच आलं. सोक-हानबाई मिळेल त्या विमानानं, हाती लागतील त्या पिशव्या घेऊन धावल्या, आणि सर तिकिटाच्या तारखेची वाट पाहत घरी राहिले. जाताना बाईंनी त्यांच्यावर काही सोपवलं नाही. गॅलरीतल्या कुंड्यासुद्धा इयोंगवहिनींच्या हवाली केल्या. हे सरांना लागलं.

आणि मग फोन आला.

"अहो, ऐकताय ना? मुलगी झालीय, छान आहे, नाक तुमच्यावर गेलंय, त्याला आता इलाज नाही. एक काम आहे. हाँगकाँगला ताईंकडे बाळंतिणीला द्यायच्या आल्याच्या शिरक्याचं मडकं आहे ना, ते घेऊन या. इथे दुकानात बाटलीत मिळतो, तो पोरीनं नुसता हुंगला आणि तोंड फिरवलं. म्हणते, पाहिजे तर आत्याचाच."

"आणतो की. त्यात काय!"

"सगळा आणा. कमी नको. बाळ महिन्याचं झालं की जेवण घालायचं, तेव्हा लोकांना द्यायला लागेल."

"कोण कोण येणार आहे?"

"लोक काय, येतील. ओळखीची दोन घरं आहेत, त्यातलं एक सुट्टीवर गेलंय. पोरीला तेच सलतंय. बोलत नाही, पण म्हणाली, आई, इथे माझ्या बाळाचं अभिनंदन करायलाच कुणी नाही. म्हणून म्हणते, निदान शिरका तरी घरचा हवा. एवढं एक काम कराल ना नीट?"

सरांनी छाती फुगवली. फोनवर ती दिसत नाही, हे वेगळं.

ताई म्हणजे सरांची थोरली बहीण पुई-चान. लग्न केलं नाही, नोकरी करून धाकट्या भावंडांना वाढवलं, आणि का-यान हाँगकाँगला शिकत होती तेव्हा तिलाही आपल्याकडेच ठेवून घेतलं. घर तुंग-चुंगला, विमानतळाच्या इतकं कुशीत, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून विमानांच्या शेपट्या दिसाव्यात. भाचीला दिवस गेल्याचं कळलं त्या सकाळी ताईंनी मातीच्या मडक्यात काळा गोड शिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि सोललेलं जुनं आलं घातलं. त्यानंतर रोजचा नेम ठरला. पहाटे अंघोळ, कुन-यामदेवीपुढे उदबत्ती, आणि मग मडक्याला एक उकळी. मडक्याला उकळी दिल्याखेरीज चहासुद्धा तोंडात घेतला नव्हता. नेम म्हणजे नेम. तो कुणाला सांगायचा नसतो, पण एखादे दिवशी चुकला की देवाच्या आधी आपल्यालाच कळतं.

"मी मडकं घेऊन विमानतळावर येते," ताई फोनवर म्हणाल्या. "नेहमीसारखं मोठ्या घड्याळाखाली भेटू."

"हो, ताई," सर म्हणाले.

हे 'हो' त्यांच्या तोंडून इतकं सहज गेलं, त्याला कारण होतं. मकाव-हाँगकाँगकडच्या घरांत कुणीही परदेशी निघालं की सगळं गणगोत विमानतळावर घड्याळाखाली जमणार, फळं देणार, रडणार, फोटो काढणार, हे लग्नात थोरांना चहा देण्यासारखं ठरलेलं. आपण ज्या मार्गानं जातोय त्यात ते घड्याळच येत नाही, हे सरांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ते आलं ते लेओंगअण्णांच्या डोक्यात.

लेओंगअण्णा खालच्या मजल्यावर राहायचे. जुन्या फेरीबोटीवर तिकिटं तपासून निवृत्त झालेले. रोज सकाळी तीन दिव्यांच्या चौकातल्या चहाघरात सर, अण्णा आणि इयोंगवहिनी एकाच टेबलावर बसत. सरांनी माहितीपत्रक वाफेच्या टोपल्यांमध्ये पसरलं होतं.

"बस आत सोडते म्हणता?" अण्णांनी चष्मा वर केला. "मग तुम्ही बाहेर कसे येणार?"

"बाहेर म्हणजे? उतरणार, ताईला भेटणार, मडकं घेणार, विमानात बसणार."

"सर, तुम्ही हाँगकाँगात उतरतच नाही आहात."

"मग काय उडत जाणार?"

"विमानतळावर उतराल. हाँगकाँगात नाही."

"अण्णा," सर अत्यंत शांतपणे म्हणाले, म्हणजे वर्गातल्या शेवटच्या बाकाशी बोलताना म्हणत असत तसे, "विमानतळ हाँगकाँगात आहे."

"तुमच्यापुरता नाही."

ज्या माणसानं पिढ्यान्पिढ्यांना नद्या आणि बेटं घोकायला लावली, त्याला भर चहाघरात, कोळंबीच्या मोदकांसमोर, एका तिकीट तपासनिसानं हे सांगावं! सरांनी चहा तसाच ठेवला. मग त्यांनी माहितीपत्रकाची मागची बाजू पाहिली. तिथे बारीक अक्षरांत तेच लिहिलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं खरं, पण पुढच्या बाजूचं.

आता सल्ले सुरू झाले. अण्णा म्हणाले, बाहेरच्या एखाद्या झाडूवाल्याच्या हाती मडकं आत पाठवावं. इयोंगवहिनींना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, ताईंनी स्वस्तातलं एखादं विमानाचं तिकीट काढून रीतसर आत यावं, मडकं द्यावं आणि मग तिथेच चक्कर येऊन पडावं. "म्हातारं माणूस पडलं की कुणी जबरदस्तीनं विमानात बसवत नाही. उचलून घरी आणून सोडतात. फुकट."

"ताई पडायची नाही," सर म्हणाले. "ती आजवर कुणासाठीच पडलेली नाही."

घरी येऊन सरांनी विमान कंपनीला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, मग बासरी, मग पुन्हा एक दाबा. अखेर मधासारख्या आवाजाची एक मुलगी आली.

"सर, बस हा आपल्या प्रवासाचा पहिला टप्पा आहे. तो सोडलात तर पुढचा टप्पा आपोआप रद्द होतो."

"बस नाही सोडत. बसनं येतो. फक्त जरा बाहेर जाऊन बहिणीला भेटतो आणि आत येतो."

"मग सर, आपण हाँगकाँगला आलात असं होईल."

"अहो, मी हाँगकाँगला येतोच आहे!"

"नाही सर. आपण येत नाही आहात. त्याचेच तर आपण पैसे भरलेत."

सरांनी फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत बसले.

उपाय तसा एकच उरला. आदल्या आठवड्यात हाँगकाँगला जाऊन मडकं मकावला आणून ठेवायचं आणि मग सामानातून न्यायचं. पण ताईंनी तो एका वाक्यात निकालात काढला. "तुझ्या घरी त्याला पहाटे उकळी कोण देणार? तू? नेमात खंड पडेल. निघायच्या दिवशी सकाळी शेवटची उकळी देईन, मग खुशाल ने." ताईंचा आवाज कधी चढत नसे. चढला असता तर निदान भांडता आलं असतं.

म्हणून निघण्याच्या दिवशी कुओक सर भल्या सकाळी उठले आणि मकावहून बसनं पूल ओलांडून हाँगकाँगला गेले. कशासाठी, तर तिथून मडकं उचलून त्याच पुलावरून मकावला परत यायला, आणि दुपारी पुन्हा त्याच पुलावरून हाँगकाँगला, म्हणजे अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे हाँगकाँगला नव्हे, जायला. ताईंच्या खिडकीत उभं राहून त्यांनी पाहिलं तर त्यांना ज्यात बसायचं होतं तसलं एक विमान समोरच उभं होतं. नेम धरून लिंबू फेकलं असतं तर लागलं असतं.

मडकं तयार होतं. जुन्या दुलईत गुंडाळलेलं, झाकणाला लाल कागद, वर दोरी. ताईंनी देवीपुढे उदबत्ती फिरवली, ती मडक्यावरूनही फिरवली, आणि सरांच्या पिशवीत कागदी पेल्यांची एक लांबलचक चळत घातली.

"हे कशाला?"

"वाटेत कुणी अभिनंदन केलं तर द्यायला नको? नाही म्हणायचं नाही हं, फाय," ताई सरांना घरच्या नावानं म्हणाल्या. "बाळाच्या नावाचा शिरका मागणाऱ्याला परत पाठवला तर ते बाळाच्या अंगावर येतं."

"ताई, बसमध्ये माझं कोण अभिनंदन करतंय? मला कुणी ओळखत नाही."

"तुला कशाला ओळखायला हवं?" ताई म्हणाल्या. "वास येतो ना."

परतीची बस सुटली आणि पुलाच्या पहिल्या वळणाला मडकं हलकेच डचमळलं. तेवढंच निमित्त झालं. झाकणाच्या फटीतून जो वास निघाला, तो आधी शेजारच्या बाकावर गेला, मग मागे, मग ड्रायव्हरपर्यंत. त्या भागात जन्मलेल्या माणसाला तो वास आला की बाकी काही सांगावं लागत नाही. घरात बाळ आलं.

"कुणाची सुटका झाली?" पुढच्या बाकावरच्या एका आजींनी मान वळवली.

"मुलीची," सर शक्य तितक्या तुटकपणे म्हणाले.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"अभिनंदन हो, आजोबा!"

'आजोबा' हा शब्द सरांना कुणी पहिल्यांदाच लावला होता. ते जरासे विरघळले, आणि तिथेच घात झाला. हात आपोआप कागदी पेल्यांकडे गेला. आजींना दिला, तर त्यांच्या सुनेनं अभिनंदन केलं. सुनेला दिला, तर पलीकडचा टाय लावलेला तरुण उठून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. बायकोच्या 'कमी नको' आणि ताईंच्या 'नाही म्हणायचं नाही' यांच्यामध्ये सर अडकित्त्यातल्या सुपारीसारखे बसले होते.

"गाडीत खायला बंदी आहे!" ड्रायव्हर आरशातून ओरडला.

"हे खाणं नव्हे, शकुन आहे," आजींनी परस्पर निकाल दिला.

मकावला बस थांबल्यावर ड्रायव्हर स्वतः उतरून दाराशी आला. गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "अभिनंदन, सर," आणि मागे धरलेला स्टीलचा थर्मास पुढे केला. सरांनी थर्मासचं तोंड पाहिलं. ते रुंद होतं.

एक सांगायला हवं, फुकट कुणी घेतलं नाही. शिरक्याचं भांडं मोकळं परत करायचं नसतं, आणि बसमध्ये भांडी नव्हती म्हणून काय झालं! आजींनी शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट दिलं. सुनेनं स्वतःच्या मुलाचं, अजून न घातलेलं विणलेलं टोपडं काढलं. टायवाल्याकडे काहीच नव्हतं, त्यानं बँकेच्या नावाची निळी पेन्सिल दिली, 'मोठी झाल्यावर लिहील' म्हणून. सरांनी सगळं पिशवीत कोंबलं. त्यांचं लक्ष मडक्याच्या वजनाकडे होतं.

मकावच्या तपासणीत सकाळचाच अधिकारी बसला होता.

"सकाळी गेलात. आता आलात. आणि हे तिकीट म्हणतंय, दुपारी पुन्हा जाणार?"

"हो."

"याच पुलावरून?"

"हो."

"कशासाठी?"

सरांनी घाम पुसला. "प्रवास अखंड व्हावा म्हणून."

अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं आणि मोठ्या साहेबांना बोलावलं. मोठे साहेब म्हणजे पन्नाशीच्या बाई, पांढरे हातमोजे घातलेल्या. त्यांनी झाकण वर केलं. मग एक हातमोजा काढला.

"नमुना घ्यावा लागेल," त्या म्हणाल्या.

नमुना घेतला गेला. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं त्यांना घाईचं वाटलं, म्हणून दुसरा घेतला. मग ज्याला आल्याची पारख आहे अशा एका सहकाऱ्याचं मत मागवलं. शेवटी बाई म्हणाल्या, "आक्षेप नाही. आलं सुरेख मुरलंय. आई असाच करायची," आणि टेबलाच्या खणातून बदामाच्या बिस्किटांचा नवाकोरा पुडा काढून सरांच्या पिशवीत ठेवला. "अभिनंदन हं. पुढच्या वेळी अंडी घालून आणा."

सामान सोपवायच्या खिडकीशी सर पोहोचले तेव्हा मडकं अर्ध्याच्या खाली गेलं होतं. तिथे निरोप द्यायला अण्णा आणि इयोंगवहिनी सरांची बॅग घेऊन आधीच येऊन उभे होते. खिडकीतल्या मुलीनं मडकं पाहून मान हलवली. "मातीचं भांडं सामानात घेत नाही, आजोबा. फुटलं तर? बाटल्यांत भरून द्या."

बाटल्या कुठून आणायच्या? पाण्याच्या विकत घेतल्या. मग त्यातलं पाणी कुठे ओतायचं, तर अण्णांनी ते प्यायलं. बिचाऱ्यांनी तक्रार केली नाही, फक्त शेवटी शेवटी बसून घेतलं. इयोंगवहिनींनी माहितीपत्रकाची गुंडाळी करून नरसाळं केलं. शिरका उतरला, पण आलं उतरेना. अंगठ्याएवढ्या फोडी बाटलीच्या तोंडाशी अडून बसल्या.

"कापा ना," खिडकीतली मुलगी म्हणाली आणि पाकिटं फोडायची सुरी पुढे सरकवली. तिच्या मागे आणखी दोघीजणी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अभिनंदन करू नये म्हणून सर दुसरीकडे पाहत राहिले, पण त्यांनी केलंच.

एकूण दोन बाटल्या भरल्या. तळातलं उरलंसुरलं पाहून लेओंगअण्णांनी घसा खाकरला.

"सर, मी अजून रीतसर अभिनंदन केलेलं नाही."

"आता केलंत तर मैत्री तुटेल, अण्णा."

"अभिनंदन," अण्णा म्हणाले आणि मडकं तोंडाला लावलं. पुसलं तोंड, आणि ते मडकं पोटाशी धरून घरी नेण्याची जबाबदारी घेतली. वर खिशातून बाळासाठी चांदीची इवलीशी घंटी काढली. ती त्यांनी कधीचीच आणून ठेवली असणार, पण अभिनंदनाआधी कशी देणार?

त्यानंतरचा प्रवास मात्र माहितीपत्रकात होता तसा झाला, हे कबूल करायला हवं. गाडी बंद, काचा बंद, सामान दृष्टीआड. सर पूल तिसऱ्यांदा ओलांडत होते. विमानतळाच्या आतल्या बाजूला उतरले, सरकत्या जिन्यानं वर गेले, आणि खरंच कुठे रांग नव्हती. इतकी नव्हती की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. तेवढ्यात फोन वाजला.

"आलास का? मी घड्याळाखाली उभी आहे," ताई म्हणाल्या.

"ताई! मी बाहेर येऊ शकत नाही. सांगितलं होतं ना तुला!"

"माहीत आहे. म्हणून काय निरोप द्यायचा नाही? घरापासून चार पावलांवर माझा भाऊ विमानात बसतोय, आणि मी घरी टीव्ही बघू? तू कुठल्या बाजूला आहेस?"

सरांनी भूगोल पणाला लावला. "तुझ्या डावीकडे. बहुतेक. मध्ये एक भिंत आहे. कदाचित तीन."

"मग त्या भिंतीकडे बघून हात कर. मी इकडून करते."

सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि हात केला. आधी जरासा, मग चांगला वर करून. तिथल्या एका गणवेशातल्या मुलानं "काका, काही मदत हवी का?" असं विचारलं. "नको," सर म्हणाले, "बहिणीला निरोप देतोय," आणि कोऱ्या भिंतीकडे पाहून हात हलवत राहिले. पलीकडून ताई म्हणाल्या, "दिसलास हो. बारीक झालास."

व्हँकुव्हरला सामानाचा पट्टा फिरू लागला आणि सरांना आपली बॅग दिसण्याच्या आधीच तिचा वास आला. एक बाटली वाटेत कुठेतरी मोकळी झाली होती. सरांचे सगळे सदरे, स्वेटर आणि सोक-हानबाईंनी मागवलेली चहाची पूड, सगळ्यांना बाळाच्या नावाचा अभिषेक झाला होता. दुसरी बाटली मात्र बॅगेच्या कोपऱ्यात घट्ट उभी होती. एवढ्या मडक्यातली एवढीच. आता दाराच्या अलीकडे उरला होता तपासणीचा शेवटचा अधिकारी. उंच, चिनी चेहऱ्याचा, पाटीवर नाव 'याऊ'.

"खाण्याचं काही?" त्यानं मकावकडच्याच बोलीत विचारलं.

सरांनी बाटली टेबलावर ठेवली. तो वाकला, हुंगला. डोळे बारीक झाले.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी," सर पुटपुटले. पुढचा शब्द काय येणार ते त्यांना पाठ होतं.

"अभिनंदन, काका."

सरांनी डोळे मिटले. पिशवीतल्या चळतीतला शेवटचा पेला काढला. बाटलीचं झाकण अर्धं फिरवलं.

"अहो, नाही नाही," याऊ मागे सरला. "मला चालत नाही. नोकरीवर असताना प्रवाशाकडून घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा इथला नियम आहे. जा तुम्ही."

जन्मभर ज्या माणसानं सरकारी नियमांना नावं ठेवली, त्याला त्या क्षणी टेबलावरून वाकून त्या सरकारच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला. सरांनी झाकण घट्ट बसवलं आणि मागे वळून न पाहता चालू लागले.

घरी सोक-हानबाईंनी दार उघडलं, सरांच्या हातात पाहिलं, मागे पाहिलं, जिन्यात पाहिलं.

"मडकं?"

"बाटली," सर म्हणाले.

बाईंनी बाटली उजेडात धरली. त्यांचा चेहरा पाहून सरांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि ते गुन्हेगारासारखे भिंतीला टेकून उभे राहिले. का-यान आतून हळूहळू चालत आली, बाळ खांद्यावर. सरांच्या सदऱ्याजवळ आली मात्र, थांबली आणि तिनं खोल श्वास घेतला.

"आत्याचाच," ती म्हणाली.

मग पिशवी उघडली. लाल पाकीट, टोपडं, निळी पेन्सिल, बिस्किटं, घंटी, आणि कुणीकुणी रुमालात, कागदात, पाकिटात बांधून दिलेलं काय काय. पसरता पसरता पलंग भरून गेला.

"बाबा, हे कुणाचं?"

"बसमधल्या एका आजीबाईंचं. हे सुनेचं. ते मकावच्या साहेबबाईंचं. छे, ही घंटी अण्णांची. आणि हा गाडीच्या ड्रायव्हरचा गोड संत्र्याचा तुकडा होता, तो मी वाटेत खाल्ला."

"हे सगळे कोण आहेत?"

"कोण म्हणजे?" सर गोंधळले. "अभिनंदन करायला आले होते."

का-याननं टोपडं हातात घेतलं. ते बाळाला बरंच मोठं होतं, तरी तिनं घातलं. सोक-हानबाई बाटली घेऊन शिरका गरम करायला आत गेल्या.

वाटी समोर आली तशी का-यान एकदम उठली. "आई, आधी खालच्या मजल्यावरच्या बाईंना थोडा नेऊन दे ना. रात्री ही रडते तर त्यांनी काल दाराशी सूप ठेवलं होतं. भांडं मोकळं कसं..."

कुओक सर दारात आडवे येऊन उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले. शिरका देताना उभ्या दिवसात एकदाही त्यांच्या तोंडून न निघालेला शब्द अखेर निघाला.

"नाही," ते म्हणाले. "आधी तू पी."

आणि शेवटचा थेंब तिच्या घशाखाली उतरेपर्यंत ते दारातून हलले नाहीत.